तंतुकणिका नुसतं ऊर्जाकेंद्र नाही

‘तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हे पेशीचं ऊर्जाकेंद्र. तिची प्रथिनं ऊर्जेपुरती, तीही ती स्वतःच बनवते. संदेश देणं हे केंद्रकाचं काम.’ हा मजकूर खूप फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. उरलेलं मात्र चूक आहे आणि विद्यार्थी ते पाठ करतात, म्हणून लिहितो आहे.

‘स्वतःच बनवते’: माणसाच्या तंतुकणिकेत ३७ जनुकं असतात आणि त्यांतल्या फक्त १३ जनुकांपासून ऊर्जानिर्मितीची प्रथिनं बनतात. बाकीची हजारभर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनून आत येतात.

‘ऊर्जेपुरती’: सायटोक्रोम सी हे प्रथिन घ्या. आत असताना ते इलेक्ट्रॉन वाहून नेतं. पण बॅक्स आणि बॅक या प्रथिनांनी बाह्यपटलाला भोकं पाडली की तेच बाहेर पडतं आणि पेशीला मरणाचा निरोप मिळतो. सायटोक्रोम सी हा निरोप देतं, हे जीवरसायनशास्त्रज्ञ शाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेनं १९९६ मध्ये दाखवलं. हे मरण शरीराला हवंच असतं. बॅक्स आणि बॅक दोन्ही नसलेल्या उंदरांच्या बोटांमधला पडदा गळून न पडता तसाच राहतो.

‘संदेश देणं केंद्रकाचं काम’: याला सर्वांत ठोस उत्तर मॅव्हस या प्रथिनाचं आहे. २००५ मध्ये चार गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं आणि चार नावं दिली. ते तंतुकणिकेच्या बाह्यपटलात रुतलेलं असतं. पेशीत विषाणूचा आरएनए सापडला की खबर मॅव्हसपर्यंत येते आणि तिथून इंटरफेरॉन ही विषाणूविरोधी प्रथिनं बनवण्याचा संदेश केंद्रकाकडे जातो. म्हणजे इथे केंद्रक ऐकणारं आहे. हेपटायटिस सीचा विषाणू काय करतो पाहा: त्याचं एक एंझाइम मॅव्हसला पटलापासून कापून वेगळं करतं आणि संदेश थांबतो. प्रथिन जवळपास अख्खं शिल्लक असतं, फक्त त्याची जागा सुटलेली असते.

यावर कुणी म्हणेल, ही प्रथिनं केंद्रकाच्याच जनुकांची, मग हुकूमही त्याचाच. पण पिंक-१ हे प्रथिन पेशीत सतत बनत असतं. तंतुकणिका धडधाकट असेल तर ते आत ओढलं जातं, कापलं जातं आणि नष्ट होतं. तिच्या आंतरपटलावरचा विद्युतदाब घसरला की ते आत जाऊ शकत नाही, पृष्ठभागावर साचतं आणि पार्किन या प्रथिनाला बोलावतं. मग ती बिघडलेली तंतुकणिका मोडीत काढली जाते. केंद्रकाकडून नवा हुकूम आलेला नसतो, बदललेली असते ती तंतुकणिकेची स्थिती. पिंक-१ आणि पार्किन यांच्या जनुकांत दोष असणाऱ्यांना पार्किन्सन्स तरुण वयातही गाठतो.