सध्या काय वाचताय? (न वाचणाऱ्यांसाठी मार्गदर्शन)

वाचणं सोपं आहे हो. दिवा हवा, चष्मा हवा, पुस्तक हवं, झालं. अवघड आहे ते आपण सध्या काय वाचतोय हे चारचौघांत सांगणं. आमच्या जळगावात वाचणारी मंडळी महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी जमतात आणि पाळीपाळीने हेच सांगतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला तरी जमतात, कूलरसमोरच्या खुर्च्या अध्यक्ष आणि माजी अध्यक्षांना देतात, आणि बाकीचे घाम पुसत ऐकतात. गेल्या रविवारी तिथे जे ऐकलं त्यानंतर वाटलं की ही विद्या जळगावापुरती ठेवण्यात अर्थ नाही. नव्याने येणाऱ्यांना ती कोणी समजावून सांगत नाही, बिचारे खरंच पुस्तक वाचून येतात.

तर आधी पुस्तकाची निवड. पुस्तक जाड घ्या. टेबलावर उभं केलं तर आधाराशिवाय उभं राहील इतकं जाड. त्या बाबतीत आपण खान्देशातले लोक भाग्यवान. नेमाडे आपले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पुण्या-मुंबईच्या माणसाला नेमाड्यांवर बोलायचं तर निदान दहा-वीस पानं चाळावी लागतात, आपल्याला तेवढीही गरज नाही. ‘आमच्या सांगवीचे’ म्हटलं की निम्मं परीक्षण झालं. उरलेलं निम्मं ‘आमचे मामा त्यांना ओळखायचे’ या वाक्यात होतं. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं, तेव्हा त्या आठवड्यात ‘हिंदू’ वाचत नाही असा माणूस मला तरी जिल्ह्यात भेटला नाही. कादंबरी आली होती २०१० मध्ये. पुष्कळ जण ती आजही वाचताहेत. त्याच पानावर.

‘वाचतोय’ असं कधी म्हणू नका. ‘पुन्हा वाचतोय’ म्हणा.

कुठपर्यंत आलात असं कोणी खोचकपणे विचारलं, तर ‘सावकाश वाचायचं पुस्तक आहे’ एवढंच म्हणायचं आणि डोळे थोडे मिटायचे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत चार-पाच दिवसांत लिहून काढली. आमच्याकडचे एक अप्पा ती गेल्या गुरुजी जयंतीपासून सावकाश वाचताहेत. रडू येतं म्हणून पुढे जाता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

बहिणाबाईंचं नाव तर घ्यायलाच हवं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी ओठांवर यायची आणि सोपानदेव नि त्यांचे मावसभाऊ ती कागदावर उतरवून घ्यायचे, बाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं, इथवर सांगा. इथे गळा दाटून आला पाहिजे. गळा दाटला की पुढे बोलता येत नाही, आणि पुढे बोलावं लागत नाही. प्रस्तावनेच्या पलीकडे गेलेला माणूस त्या दिवशी सभागृहात असलाच, तर तोही शिष्टाचार म्हणून गप्प बसतो.

मध्यंतरी धुळ्याचे एक पाहुणे आले होते. म्हणाले, ‘सध्या राजवाड्यांची मराठ्यांच्या इतिहासाची साधनं वाचतोय.’ बावीस खंड आहेत ते. मी विचारलं, कोणता खंड? म्हणाले, ‘एकूणच.’ पाठ करून ठेवावं असं उत्तर.

आता फोटो. फोटोशिवाय वाचन सिद्ध होत नाही. केळीचा बाग असेल तर उत्तम, नसेल तर भाच्याचा चालेल. हिवाळ्यात भरीत पार्टीला शेतात गेलात तर पुस्तक सोबत न्या. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जाताहेत, शेजारी खाटेवर पुस्तक पालथं पडलंय, त्यावर चष्मा. पालथं ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर खूण कुठे आहे ते दिसतं. अमळनेरकडची आमची मावशी एकदा अशा फोटोसेशनच्या वेळी तिथेच वांगी सोलत बसली होती. माझ्या भावाला म्हणाली, ‘वाचस का नुसतं दखाडस?’ जुनी माणसं, त्यांना काय कळणार.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं तेव्हा घेतलेल्या पुस्तकांची थप्पी अजून घरात असेल तर वरचं प्लास्टिक काढू नका. फोटोत चमक येते.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पुस्तक हातात धरा. सरळ धरा. गेल्या खेपेला एका मान्यवरांनी उलटं धरलं होतं, आणि ते वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं.

वाचनालयाचं पुस्तक असेल तर ‘अजून वाचतोय’ म्हणत राहा. ग्रंथपाल बाई दोनदा फोन करतात, तिसऱ्यांदा करत नाहीत. त्यांचा पगार अनुदान आल्यावर होतो, अनुदान कधी येतं ते त्यांनाही ठाऊक नसतं. स्वतःच्या खर्चाने त्या तुम्हाला किती फोन करणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तक शक्यतो दुसऱ्याचं असावं. स्वतःचं घेतलं की पैसे जातात आणि पैसे गेले की ते वाचावंसं वाटण्याचा धोका असतो. दुसऱ्याच्या पुस्तकाचा असला काही त्रास नाही. याचा नमुना आमच्या बैठकीतले एक साहेब. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, सदरा कडक इस्त्रीचा. दिवाळीच्या आधी घरी आले, चहा घेतला, कपाटासमोर उभे राहिले आणि एक जाडजूड कादंबरी बाहेर काढून म्हणाले, ‘ही नेतो, जरा पुन्हा वाचीन म्हणतो.’ मी दिली. देताना सांगणार होतो की या प्रतीत एक गडबड आहे, पण साहेबांचं लक्ष तोवर दुसऱ्या कप्प्याकडे गेलं होतं.

गडबड अशी. ही प्रत मी एका प्रदर्शनात घेतली. बांधणी करताना एक फॉर्मा दोनदा बसला आणि पुढचा गळाला. म्हणजे १७६ वं पान संपलं की पुन्हा १६१ सुरू होतं, ते पुन्हा १७६ पर्यंत जातं आणि मग एकदम १९३. मधली सोळा पानं नाहीतच. १७६ च्या शेवटच्या ओळीत म्हातारा कंदील घेऊन विहिरीकडे निघतो, आणि १९३ वर घरात त्याचं तेरावं चाललेलं असतं. म्हातारा मेला कसा? पाय घसरला? कोणी ढकललं? थोरल्या मुलाचं नि त्याचं भांडण तर आधीच झालेलं असतं. मी प्रत बदलून घ्यायला गेलो तर प्रदर्शन उठलं होतं, मैदानात सर्कशीचे खांब रोवायचं काम चालू होतं. कादंबरी बाजारातून संपलेली. आजतागायत मला तो म्हातारा कसा मेला ते माहीत नाही. रात्री मध्येच जाग आली तर आठवतं.

तर गेल्या रविवारी साहेब उभे राहिले आणि माझ्या पुस्तकावर पाऊण तास बोलले. पाऊण तास! इतरांना पाच-पाच मिनिटं असतात. म्हणाले, कथानकाची वीण इतकी घट्ट की कुठे टाका सुटलेला नाही. म्हणाले, एक पान जास्त नाही, एक पान कमी नाही. हे ऐकून मी खुर्चीत सरळ झालो. म्हणाले, लेखकाने काळाचा जो प्रवाह धरला आहे तो कुठेही खंडित होत नाही. अहो, सोळा पानं खंडित होतो! सोळा पानं दोनदा येतात! माणूस झोपेत वाचत असला तरी त्याच्या लक्षात येईल की हे लग्न आपण आत्ताच लावून झालो, पुन्हा मांडव कशाला घालताहेत!

तरी मी शांत होतो. म्हटलं, असेल, कदाचित त्यांनी दुसरीकडून प्रत मिळवून वाचली असेल, माणसावर एकदम संशय नको. चहाच्या वेळी त्यांच्याजवळ गेलो आणि अगदी साधेपणाने विचारलं, ‘साहेब, तो म्हातारा विहिरीवर जातो, तो मरतो कसा हो?’

साहेबांनी चहाचा घोट घेतला. बशी खाली ठेवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘ते लेखकाने सूचक ठेवलंय.’

सूचक! बायंडिंगखान्यातल्या कुण्या पोराने जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत चुकीचा गठ्ठा उचलला, त्याला साहेब सूचक म्हणतात! आणि शेजारचे दोघे माना डोलावतात! एक तर म्हणाला, ‘न सांगण्यातच खरी ताकद असते.’ तुझी ताकद दिसली रे बाबा, तू तर पुस्तकच पाहिलेलं नाहीस.

असो. मार्गदर्शन पुढे चालू.

समीक्षेतले दोन शब्द लक्षात ठेवा, तिसरा लागत नाही.

मुखपृष्ठ छान असेल तर मुखपृष्ठावर बोला.

लेखक हयात असेल तर ‘परवाच फोन झाला’ म्हणा. नसेल तर ‘एकदा भेट झाली होती’ म्हणा.

आणि कोणी खरंच वाचून आलेला दिसला तर त्याला बोलू देऊ नका. हे फार जपा, एका माणसाने सगळ्यांची पंचाईत होते. हेही मी त्याच रविवारी पाहिलं. मागच्या रांगेत एक मुलगी होती, पारोळ्याकडची, जळगावात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पहिल्यांदाच आली होती. तिची पाळी आली तेव्हा सात वाजून गेले होते आणि वॉचमन किल्ल्या वाजवत दारात उभा होता. ती म्हणाली, मी नारायण धारप वाचतेय. अभ्यासिकेतून रात्री खोलीवर आलं की वाचते, म्हणजे आधी वाचायचे, आता दिवसाच वाचते. एक गोष्ट अर्ध्यावर बंद केली आणि पुस्तक मैत्रिणीच्या कपाटात ठेवून आले, माझ्या खोलीत ठेवायची हिंमत झाली नाही. पण पुढे काय होतं ते कळल्याशिवाय अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून आज सकाळी परत आणलंय.

हशा झाला. साहेब उठताउठता म्हणाले, ‘बेटा, हे सगळं ठीक आहे, पण आता जरा वाचनाकडे वळ.’

मी म्हटलं, तिला पुढे सांगू द्या. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली.

कोणी संपवली वेळ? अहो साहेब, तुम्हाला लाज कशी वाटली नाही? जे पुस्तक उघडलंच नाही त्यावर पाऊण तास बोललात, आणि जिने पुस्तकाच्या भीतीने ते दुसऱ्याच्या कपाटात ठेवलं, आणि राहवलं नाही म्हणून परत आणलं, तिला तुम्ही वाचनाकडे वळायला सांगता? त्या सभागृहात त्या संध्याकाळी वाचक म्हणावं असं कोण होतं? आणि हसला होतात ते बाकीचे! तुमच्यातल्या निम्म्यांनी धारप शाळेत असताना गादीखाली लपवून वाचलेत. मला माहीत आहे, कारण ते पुस्तक पण माझंच होतं आणि ते पण परत आलेलं नाही.

वाचायची सक्ती कोणी केली आहे तुमच्यावर? नका वाचू. कापसाच्या भावावर बोला, केळीच्या गाड्या कुठे अडकल्या त्यावर बोला, शेवभाजी कुठल्या ढाब्यावर चांगली मिळते त्यावर रात्रभर बोला, मीही बसेन. पण न वाचलेल्या पुस्तकाचं कौतुक करू नका. तुमचं ऐकून कोणीतरी पोरगा महिन्याच्या खानावळीतून पैसे वाचवून ते पुस्तक घेतो, त्याला ते कळत नाही, आणि त्याला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे. तो मग पुन्हा बैठकीला येत नाही. मी असे बरेच जण येताना आणि यायचे थांबताना पाहिलेत. तुम्ही म्हणता, तरुण पिढी वाचत नाही. वाचते. तुमच्यासमोर सांगत नाही.

तीस पानं वाचून कंटाळा आला असेल तर तीस पानं वाचून कंटाळा आला असं सांगा. का आला ते सांगा, आम्हाला तेच ऐकायचंय. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. पेपरातली मालिका वाचत असाल, पाककृतीचं पुस्तक वाचत असाल, पंचांग वाचत असाल तर पंचांग सांगा, एकादशी तरी कळेल.

आणि साहेब, माझी कादंबरी पुढच्या बैठकीला घेऊन या. वाचून आणा, न वाचता आणा. त्या मुलीने जिन्यात मला गाठून विचारलं की तुम्ही कुठल्या म्हाताऱ्याबद्दल बोलत होतात. मी १७६ पर्यंतची गोष्ट सांगितली, पुढची सोळा पानं नाहीत हेही सांगितलं, तरी तिला हवी आहे. तिला द्यायची आहे. फोटो काढत बसू नका.