‘माणसांत मिसळा, सगळं ठीक होईल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा जरा शांत होऊन. एकाकीपणावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा पोट भरलेल्यांचा आजार आहे, राबणाऱ्याला असल्या भानगडींसाठी वेळ नसतो. पूर्वी भरल्या घरात कोणी एकाकी नव्हतं. मोबाइल बाजूला ठेवून माणसांत मिसळलं की प्रश्न संपतो. ‘एकाकीपणा म्हणजे रोज १५ सिगारेटी’ हे माझं वाक्य तर तुम्हाला सकाळच्या फॉरवर्डसारखं वाटलं. आणि शेवटी, जाता जाता, तुम्ही वडिलांबद्दल दोन ओळी लिहिल्यात. त्यांच्याकडे नंतर येते.

सिगारेटींबाबत तुमचं बरोबर आहे. ही तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणावरून पसरली. त्यात १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली होती. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. पण तिथे जोडीदार, मित्र, मिळणारा आधार, समाजातला वावर असं बरंच काही मोजलं होतं. ‘मला एकाकी वाटतं’ ही भावना हा त्यातला एक लहानसा भाग. मी त्या लहानशा भागावर सगळा भार टाकून मोकळी झाले. ते वाक्य लेखातून काढलंय.

बाकी मुद्द्यांवर मात्र माघार घेणार नाही.

पोट भरलेल्यांचा आजार म्हणता? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. त्यानुसार जगात साधारण सहातल्या एका माणसाला एकाकीपणा जाणवतो. गरीब देशांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के आहे आणि श्रीमंत देशांत ११. मला यात फारसं नवल वाटलं नाही. नातं टिकवायलाही पदरचं काहीतरी मोडावं लागतं. जायला भाडं लागतं, कोणाला बोलवायचं तर बसायला जागा लागते, आणि दोघांना एकाच दिवशी सुट्टी लागते. कामासाठी घर सोडून आलेला माणूस एका खोलीत आठ-दहा जणांच्या दाटीत झोपतो. त्यांच्या पाळ्या वेगळ्या, कधी भाषाही वेगळी, आणि ज्यांच्यासाठी तो राबतो ती सगळी माणसं फोनच्या पलीकडे. त्याला वेळ नसतो हे तुम्ही खरंच लिहिलंत. पण वेळ नाही म्हणून तो सुखात आहे, हे कुठून काढलंत? (आणि त्याच्या हातातला मोबाइल बाजूला ठेवायला सांगायचं धाडस मला तरी होणार नाही.)

आता भरलं घर. आईचं शेवटचं आजारपण तीन वर्षं चाललं. घरात ये-जा चालूच असायची. प्रत्येक जण आईची चौकशी करायचा, गोळ्यांची चौकशी करायचा, आणि मला ‘तू आहेस म्हणून बरं’ असं सांगून निघायचा. मैत्रिणींनी सुरुवातीला बोलावलं. मी तीन-चारदा नाही म्हटलं, मग त्यांनी बोलावणं सोडलं. त्यांची काही चूक नव्हती. पण मला मात्र तेव्हा वाटायचं की त्या मला टाळतायत. वर्षभराने एकीचा फोन आला, तर ‘आत्ता काय काम काढलं हिने?’ हाच पहिला विचार मनात आला. तो फोन मी घेतला नाही.

तेव्हा मला कोणी माणसांत मिसळायला सांगितलं असतं, तर मी दार लावून घेतलं असतं.

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एकात गोतावळाच नसतो. दुसऱ्यात गोतावळा असतो, पण ज्याच्यापाशी मन उघडावं असं एक माणूस नसतं. गोतावळ्याने दुसरा प्रकार बरा होत नाही, आणि एका जिवलगाने पहिलाही पुरता बरा होत नाही. आपल्याकडे शब्दांची तशी ददात नाही. एकांत आपण मागून घेतो, एकटं असणं ही नुसती मोजदाद झाली, एकाकीपणा आत बोचतो, आणि पोरकं वाटणं हे आणखी खोलवरचं. बोलताना मात्र सगळ्याला ‘एकटेपणा’ म्हणतो आणि सगळ्यांना एकच औषध देतो. जुन्या भरल्या घरांत कोणी एकाकी नव्हतं, असं तुम्ही लिहिता. त्या घरांतल्या विधवेला कोणी विचारलं होतं का? मूल न झालेल्या बाईला?

फोनवरच्या मैत्रिणीबद्दल मी जो विचार केला, त्याचाही अभ्यास झालेला आहे. एकाकीपणा फार दिवस मुरला की माणूस सावध होतो, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर नकार शोधू लागतो, आणि शोधला की तो सापडतोच. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निरनिराळ्या उपायांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले. भेटीगाठी वाढवणं, आधार देणं, बोलण्या-वागण्याची कौशल्यं शिकवणं, यांच्यापेक्षा हे वाकडे अंदाज तपासायला शिकवणारे उपाय जास्त उपयोगी पडलेले दिसले. तुमचा सल्ला तिथे का तोकडा पडतो, ते यावरून कळेल.

तरुणांचं आणखी निराळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालात १३ ते २९ या वयोगटातले १७ ते २१ टक्के जण एकाकी वाटत असल्याचं सांगतात, आणि त्यांतही किशोरवयीन पुढे आहेत. वर्गात चाळीस जण असतात, पण डबा खाताना शेजारी कोण बसणार हे ज्या मुलाला रोज सकाळी ठाऊक नसतं, त्याच्या पोटात गोळा येतो. त्याला दिवसभर माणसांत मिसळायला लागतं, तोच तर त्याचा त्रास आहे.

सरकारने मंत्री नेमून मैत्री होते का, हा तुमचा टोमणा मला आवडला. नाही होत. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाचं खातं एका मंत्र्याकडे दिलं, जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये. पण व्हीलचेअरवरच्या बाईला मैत्रिणीकडे जायला चढता येईल अशी बस लागते, म्हाताऱ्याला फिरायला निघायचं तर वाटेत बाक आणि स्वच्छतागृह लागतं. या गोष्टी कोणा मित्राच्या हातात नसतात.

ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात ‘मेन्स शेड’ सुरू झाली. निवृत्त पुरुष एका शेडमध्ये जमतात आणि सुतारकाम करतात, मोडकं काही दुरुस्त करतात. ‘चला, मन मोकळं करू’ असं तिथे कोणी म्हणत नाही. हात कामात असले आणि नजर रंध्यावर असली, की बायको गेल्याचंही बोलता येतं. मला हे फार पटतं, कारण समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटलं की माझे स्वतःचे काका खोलीतून उठून जात.

आता तुमचे वडील. वय ८१, ‘सांगून सांगून थकलो, खाली कट्ट्यावर जात नाहीत, हट्टी आहेत’, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुमचाच सल्ला तुमच्याच घरात चाललेला नाही. मी त्यांना ओळखत नाही, पण एक विचारते. ते टीव्हीचा आवाज वाढवतात का? चार जण बोलत असताना नुसती मान हलवतात, भलत्याच जागी हसतात, आणि तुमच्याशी एकट्याशी मात्र नीट बोलतात का? ऐकू कमी येऊ लागलं की गोंगाटातलं बोलणं आधी निसटतं. दर वाक्याला ‘काय?’ विचारण्यापेक्षा घरी बसणं बरं वाटतं, आणि घरचे त्याला हट्ट म्हणतात. कान तपासून घेतले नसतील तर घ्या. यंत्र लागलं, तर पहिले काही आठवडे ते काढून ठेवतील, कारण सगळे आवाज एकदम अंगावर येतात. तोवर कट्ट्यावरच्या एखाद्याच जुन्या ओळखीच्या माणसाला वर बोलवा, आणि तो आला की टीव्ही बंद करा.