चित्रातला नायगारा आणि आपली धबधबाबंदी

दर पावसाळ्यात महाराष्ट्रात एकच वाद रंगतो: धबधब्यांवर बंदी घालायची की नाही? 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मग बंदीचे आदेश निघाले आणि खापर फुटलं ते रील्सवर. इथे टोरांटोत, नायगारापासून दीड तासावर राहून ही चर्चा वाचताना अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्चचं 1857 सालचं ‘नायगारा’ हे चित्र डोळ्यांसमोर येतं. पाण्याच्या अगदी कडेला उभं राहायची ओढ रील्सच्या कितीतरी आधीची आहे.

चित्र साडेसात फूट रुंद, उंची जेमतेम सव्वातीन फूट. कॅनडाच्या बाजूने दिसणारा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा धबधबा. चर्चने पायाखालची जमीनच काढून टाकली आहे. पुढे खडक नाही, कठडा नाही. चौकटीच्या खालच्या कडेपासूनच हिरवट पाणी धावतं. डावीकडे प्रवाहात एक मोडकं झाड, मध्येच तुटलेलं इंद्रधनुष्य, पलीकडच्या काठावर इवलासा मनोरा. पाहणारा थेट पाण्यावर उभा! न्यूयॉर्कमध्ये 25 सेंट मोजून लोक हे एकच चित्र बघायला लोटले.

प्रत्यक्षात अमेरिकेच्या काठावर तेव्हा गिरण्या होत्या, खाजगी कुंपणं होती आणि धबधबा बघायचे पैसे पडत. चर्चने हे सगळं वगळलं. पण तो तिथेच थांबला नाही, याचं मला फार मोल वाटतं. काठ सरकारने ताब्यात घ्यावा म्हणून पुढे धडपडलेल्यांत तो होता. 1885 मध्ये न्यूयॉर्क राज्याने सुमारे 14 लाख डॉलर मोजून ती जमीन विकत घेतली, गिरण्या हटवल्या आणि काठ सर्वांना मोफत खुला केला.

आजचं पाणीसुद्धा मोजून सोडलेलं असतं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या 1950 च्या करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट, रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं; बाकीचं वीजनिर्मितीला.

म्हणून नायगाराचे कठडे जसेच्या तसे सह्याद्रीत नेऊन भागणार नाही. नायगारामागे अख्खी सरोवरं आहेत, त्यामुळे पाणी एकाएकी चढत नाही. आपल्या ओढ्यांचं पाणलोट क्षेत्र लहान, उतार तीव्र, खाली काळा कातळ. वर पठारावर जोराची सर आली की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो. शेवाळलेल्या दगडावर आधीच पाय ठरत नाही, त्यात पाणी गुडघ्याला लागलं की माणूस उभा राहूच शकत नाही. प्रवाहात दोर बांधणं किंवा रेलिंग ठोकणं हा खोटा दिलासा आहे.

आपल्याला हवी ती समोरून बघायची जागा. थोसेघरला दरीच्या अलीकडे कठडा घातलेली गॅलरी आहे, तिथून धबधबा पूर्ण दिसतो आणि पाण्याला हातही लागत नाही. गर्दीच्या प्रत्येक धबधब्याला अशी जागा करावी, प्रवाहात उतरायच्या वाटा बंद कराव्यात, वरच्या पठारावर पर्जन्यमापक बसवून खाली भोंगा लावावा. आदेशाचा कागद जुलैत निघून सप्टेंबरात विरतो. हे काम मे महिन्यात, ओढे कोरडे असताना व्हायला हवं.