आधी आडनाव, मग अर्थशास्त्र

सरकारी पैसा कुणाला मिळावा आणि कुणाला मिळू नये, यावर तुमचं ठाम मत असलंच पाहिजे. नसेल तर लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि लोकलच्या चौथ्या सीटवर तुमची पंचाईत होईल. त्यासाठी अर्थसंकल्प वाचायची गरज नाही. ती पुस्तकं जाड असतात आणि त्यांत आडनावं छापलेली नसतात. तुम्ही एवढंच विचारायचं, की पैसे जाणार कुणाच्या घरात? 'आपल्याकडच्यांच्या' असं उत्तर आलं तर योजना दूरदृष्टीची. 'त्यांच्या' असं आलं तर राज्य कर्जात बुडालं. बुडालं की नाही, किती बुडालं, हे नंतर कुणी विचारलंच तर बघता येतं. सहसा विचारत नाहीत.

सरावासाठी एसटीत बसा. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. सकाळच्या तालुक्याच्या गाडीत खिडकीशी एक आजोबा असतातच. ते कंडक्टरला आधार कार्ड दाखवतात, शून्य रुपयांचं तिकीट घेतात, त्याची बारीक घडी करून बंडीच्या खिशात ठेवतात आणि मग दारातून चढणाऱ्या बायकांकडे बघून म्हणतात, "अर्धं तिकीट केलं आन् ह्या रोजच हिंडाया लागल्या. बसाया जागा ऱ्हायली न्हाई." शेजारचा कॉलेजकुमार मान डोलावतो. त्याच्या खिशात सवलतीचा पास असतो. मागच्या सीटवरच्या बाई गप्प बसतात, कारण त्यांना दवाखान्यात जायचंय आणि वादात पडायला त्यांच्याकडे वेळ नाही. हा पाठ नीट बघून घ्या. आजोबा खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या लेखी त्यांचं तिकीट हा जन्मभराच्या कष्टाचा मान आहे आणि बायकांचं तिकीट ही चैन. बायकांनी जन्मभर काय केलं, हा प्रश्न तिकीट मशीनमध्ये येत नाही.

आता थोडा अवघड धडा. तुमच्या घरात वर्षानुवर्षं मेरिटची पूजा झाली असेल. "आरक्षणातून झालेल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घ्याल का?" हे वाक्य तुम्हाला पाढ्यांसारखं पाठ असेल. पण जानेवारी 2019 मध्ये 103 वी घटनादुरुस्ती झाली, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांना 10 टक्के जागा मिळाल्या आणि मेरिटच्या देव्हाऱ्यापुढचा घंटानाद एकाएकी थांबला. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी ही दुरुस्ती वैध ठरवली. दलित, आदिवासी आणि ओबीसींमधल्या गरिबांना या कोट्यात जागा नाही, पण तो तपशील तुम्ही उच्चारू नका. त्या डॉक्टरवाल्या वाक्याआधी मात्र भाच्याचं अ‍ॅडमिशन कुठल्या यादीतून झालं, ते ताईला एकदा विचारून घ्या.

याच कोट्याच्या निमित्तानं गरिबी किती लवचिक असते तेही शिकून घ्या. इथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, फ्लॅट हजार चौरस फुटांच्या आतला असला, की तुम्ही दुर्बल. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे एकाच राज्यात भाऊ आठ लाखांपर्यंत दुबळा आणि बहीण अडीच लाखांच्या पुढे सबळ. यावर व्हॉट्सअ‍ॅपवर एकही विनोद आलेला माझ्या पाहण्यात नाही. आठ लाखांचा दाखला काढायला आपण तहसीलदार कचेरीत रांग लावायची आणि संध्याकाळी 'आम्ही करदाते' म्हणून लिहायचं. दोन्ही खरं असतं, फक्त एकाच खुर्चीत बसून बोलायचं नाही.

'करदाते' हा शब्द जपून ठेवा, फार कामाचा आहे. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 रुपये सुरू झाले आणि "मावशींचे नखरे वाढले" असं तुम्हाला वाटू लागलं, तेव्हा हा शब्द काढायचा. मावशी मोबाइलच्या रिचार्जवर तुमच्याइतकाच 18 टक्के जीएसटी भरतात. पण तो मोजायचा नाही, कारण त्याला फॉर्म सोळा नसतो. शिवाय एक हिशेब कटाक्षानं टाळा. मावशींचे वर्षाचे होतात अठरा हजार. जुन्या कररचनेत तुम्ही राहत्या घराच्या कर्जावरचं दोन लाखांचं व्याज वजा करत असाल आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सरकार साठ हजारांच्या वर तुमच्याकडेच सोडतं. मावशींचे पैसे दरमहा खात्यात येतात, पेपरात फोटो येतो, वर कुणाकुणाचे आभार मानावे लागतात. तुमचे पैसे घेतलेच जात नाहीत, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत.

पगाराच्या स्लिपवर आणखी एक ओळ आहे, तिच्याकडेही बघू नका. व्यवसाय कर : दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. 1972 च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी 1975 साली शहरातल्या पगारदारांवर हा कर बसला. म्हणजे दादरच्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या बाईची खडी फोडण्याची मजुरी निघत होती आणि त्यावरून राज्य पेटलं नाही. दुष्काळी माणसं मुंबईच्या फुटपाथवर येण्यापेक्षा त्यांनी तिकडेच खडी फोडलेली बरी, असाही एक हिशेब त्यामागे होता म्हणतात. असेल. "रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही" ही म्हण तेव्हापासूनची, तीही खोटी नाही. तुम्ही म्हण तेवढी लक्षात ठेवा. पाणंदी, पाझर तलाव आणि त्या मजुरीवर जगलेली माणसं यांची म्हण झालेली नाही.

गावाकडे गेलात तर हीच शिडी पायरीपायरीनं दिसेल. शहरातला चुलत भाऊ म्हणतो, कर्जमाफीनं शेतकरी ऐतखाऊ झाला. 2017 आणि 2019 अशा दोन्ही माफ्यांत नाव असलेले काका म्हणतात, रेशनच्या फुकट तांदळानं मजूर आळशी झाला, खुरपायला बाई मिळत नाही. आणि मजूर म्हणतो, पलीकडच्या मोहल्ल्यातल्यांनाच सगळं मिळतं. मोहल्ल्यातल्यांना काय वाटतं ते कुणी विचारत नाही, त्यामुळे शिडी तिथे संपते.

वरच्या पायऱ्यांकडे मात्र कौतुकानंच बघायचं. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आला. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असं सरकारनंच सांगितलं. त्या दिवशी फुकट्यांवर फॉरवर्ड आलं नाही, शेअर बाजार उसळल्याचे फटाके मात्र आले. उद्योगपती आपल्यातलेच, आपलं तिथे पोचायचं राहिलंय एवढंच. म्हणून तर 2024 च्या लोकसभा प्रचारात वारसा कराचा आणि मंगळसूत्राचा विषय निघाला, तेव्हा ज्यांचं मंगळसूत्र गोल्ड लोनच्या पाकिटात बँकेत पडून होतं त्यांचीही झोप उडाली. भारतात वारशावर बसणारं मालमत्ता शुल्क (इस्टेट ड्यूटी) होतं आणि ते 1985 मध्ये रद्द झालं. पण या चर्चेत ते आठवणारा माणूस आपला नसतो.

राहता राहिला तुमच्या स्वतःच्या घरातला लाभार्थी. मेव्हणा सरकारी नोकरीत असेल तर जुन्या पेन्शनचा विषय निघताच पाणी प्यायला उठा. मार्च 2023 च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन'चा फलक धरलेला त्याचा फोटो तुम्हीच लाइक केला होता. आणि बायकोनं गुपचूप लाडक्या बहिणीचा अर्ज भरला असेल तर कांगावा करू नका. ई-केवायसी करताना नवऱ्याच्या आधारचा ओटीपी लागतो, तो तुमच्याच मोबाइलवर येणार. तो वाचून दाखवताना दार लावून घ्या. जिन्यात आवाज घुमतो, आणि 'रेवडी बंद करा'वर सही घ्यायला तुम्ही परवाच वरच्या मजल्यावर गेला होतात.