गंजाने अडवलेले विष

'अधिशोषण' हे प्रकरण मी महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवले आणि आज मागे वळून पाहताना वाटते की, ते आपण फार घाईने शिकवतो. शोषणात पदार्थ आत मुरतो, अधिशोषणात तो केवळ पृष्ठभागाला धरून राहतो; दोन गुणांचा हा फरक पाठ करून विद्यार्थी पुढे जातात. त्या फरकावर किती माणसांचे आरोग्य अवलंबून असते, हे मला प्रा. अबुल हुसाम यांच्या कामातून खऱ्या अर्थाने उमगले.

हुसाम मूळचे बांगलादेशातील कुश्तियाचे; पुढे अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या देशात तळ्या-नद्यांच्या दूषित पाण्यातून पसरणारे कॉलऱ्यासारखे रोग टळावेत म्हणून 1970 च्या दशकापासून लाखो कूपनलिका बसवण्यात आल्या. हेतू चांगलाच होता, पण 1993 मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक आढळले. हे विष कुठल्या कारखान्यातून आलेले नव्हते. हिमालयातून वाहत आलेल्या गाळातील कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्यालाच चिकटलेले असते. जमिनीखाली प्राणवायू संपला की जिवाणू त्या लोहाचे क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बदलतात, थर विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. म्हणजे विष कुणी आणून टाकले नव्हते; त्याला धरून ठेवणारा पृष्ठभागच नाहीसा झाला होता.

हुसाम यांनी उपायाआधी मोजमापाकडे लक्ष दिले, याचे मला विशेष मोल वाटते. पाण्यातील अत्यल्प आर्सेनिक मोजण्याच्या विद्युतरासायनिक पद्धतीवर त्यांनी काम केले आणि त्यानंतर 'सोनो' हे गाळणयंत्र घडवले: एकावर एक ठेवलेल्या दोन बादल्या, त्यांत वाळू, विटांचे तुकडे, कोळसा आणि खास तयार केलेले लोखंडाचे सच्छिद्र मिश्रण. त्याला वीज लागत नाही. लोखंड गंजते, त्या ताज्या गंजाच्या पृष्ठभागाशी आर्सेनिक रासायनिक बंधाने जखडले जाते आणि पाणी खाली उतरते. जमिनीखाली ज्या लोहाने विष सोडले, तेच लोह इथे बादलीत ते पकडते. मात्र पाण्यात आर्सेनिक त्रिसंयुजी आणि पंचसंयुजी अशा दोन रूपांत असते; त्रिसंयुजी आर्सेनिकच्या रेणूवर साधारण उदासीन पाण्यात विद्युतभार नसल्यामुळे ते पंचसंयुजी रूपाच्या मानाने अडवायला अवघड असते. शिवाय पाण्यातला फॉस्फेट त्याच जागांसाठी स्पर्धा करतो. असे बारकावे ज्याने वर्षानुवर्षे अभ्यासले, त्यालाच ही साधी दिसणारी बादली जमते, असे माझे ठाम मत आहे.

या कामासाठी 2007 मध्ये त्यांना 10 लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला आणि त्यातील बहुतांश रक्कम त्यांनी गाळणयंत्रे लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी दिली. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीतील प्रा. टी. प्रदीप यांनीही लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचा असाच उपयोग केला असून, त्या कणांना आधार म्हणून कोळंबीसारख्या प्राण्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान वापरले आहे.

यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत भूजलातील फ्लोराइडमुळे दात आणि हाडे खराब होतात. तिथे सक्रिय ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सच्छिद्र ऑक्साइडचा, पृष्ठभाग हेच काम करू शकतो. म्हणून हे प्रकरण शिकवताना कोळशाचे जुने उदाहरण देऊन न थांबता गावातल्या पाण्याचा नमुना वर्गात आणावा, अशी रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. पृष्ठभागावरच्या जागा मोजक्याच असतात आणि त्या भरल्या की गाळणयंत्र विष तसेच पुढे जाऊ देते. आर्सेनिकला रंग, वास किंवा चव नसल्यामुळे पिणाऱ्याला यातले काहीही जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे आणि ती ओलांडली गेली का, हे केवळ ठरावीक काळाने केलेल्या तपासणीतूनच कळते.