‘मूळ अमेरिकन शुद्ध गाय’: मेसेज आणि वस्तुस्थिती

पशुपालकांच्या ग्रुपांवर टेक्सास लाँगहॉर्न या लांब शिंगांच्या अमेरिकी गुरांच्या जातीचा फोटो फिरतोय. खाली मजकूर: ‘अमेरिकेची ही मूळ गाय. रक्त शंभर टक्के शुद्ध. रोग ठाऊक नाही, माणसाचा हात लागलेला नाही. आपणही संकर बंद करा!’

फोटोत मुळात गायच नाही, बडवलेला बैल आहे. त्यांची शिंगं इतकी लांब वाढतात. असो.

‘मूळ गाय’ म्हणाल तर १४९३ आधी अमेरिकेत पाळीव गाय नव्हतीच. कोलंबसाने दुसऱ्या सफरीत हिस्पॅनिओला बेटावर गुरं उतरवली. तिथून ती स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर मेक्सिकोत आणि पुढे टेक्सासात पोचली.

शुद्ध रक्ताचं म्हणाल, तर २०१३ साली टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुकं तपासली. सुमारे ८५ टक्के वारसा बिनवशिंडाच्या गुरांचा, उरलेला आपल्याकडे असतात तशा वशिंडवाल्यांचा. हा दुसरा वाटा आफ्रिकेतून स्पेनमार्गे आला असावा, असं त्यांचं म्हणणं. आता यावरून ‘ती आपली गीरच’ असा नवा मेसेज कोणी काढू नये म्हणजे झालं.

रोगाचा दावा मात्र सर्वांत घातक. दक्षिण टेक्सासातल्या वासरांना लहानपणीच गोचीडताप सौम्य होऊन जायचा, म्हणून मोठेपणी ती धडधाकट दिसत. हेच कळप विक्रीसाठी उत्तरेला हाकले की वाटेत गोचिड्या गळायच्या आणि तिथल्या शेतकऱ्यांची गुरं पटापट मरायची. मिसुरीतल्या शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन कळप परतवले होते. दोष गोचिडीचा, हे अमेरिकी संशोधक स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे जनावर दिसायला ठणठणीत आणि रोग मात्र वाहून नेणारं. बाहेरून गुरं आणणाऱ्यांनी हे विसरू नये.

माणसाच्या हाताबद्दल अर्धं खरं आहे. यातले बरेच कळप पिढ्यान्‌पिढ्या मोकाट होते. दुष्काळातून तगली त्यांचीच वासरं पुढे आली. पण काटेरी तारेची कुंपणं आली, ब्रिटिश जातींचे वळू आले आणि ही जात संपत आली. १९२७ मध्ये अमेरिकी संसदेने ती वाचवायला ३,००० डॉलर मंजूर केले, वनखात्याच्या माणसांनी गोठे पालथे घातले आणि निवडक जनावरं ओक्लाहोमातल्या विचिटा अभयारण्यात नेली. याला हात लागणंच म्हणतात.

आणि अमेरिकेत देशी रक्त शोधायचंच असेल तर ब्राह्मन ही जात बघा. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या सांगलीकडची कृष्णा व्हॅली यांच्या मिश्रणातून ती तिथे घडवली. कृष्णा व्हॅली स्वतःही संस्थानिकांनी ठरवून केलेल्या संकरातूनच आलेली.