पार्टिशन अर्धवट अडकलं? चेकडिस्कला हात लावू नका

पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग. ते पाडताना किंवा बदलताना काम अडकलं तर काय करावं, यावर एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय: 'पार्टिशनिंग चालू असताना वीज गेली तरी काळजी नको. टेस्टडिस्कने पार्टिशन टेबल परत लिहा, चेकडिस्क चालवा. तरीही नाही उघडलं तर क्विक फॉरमॅट मारून रिकव्हरी सॉफ्टवेअरने सगळा डेटा काढा.'

'टेबल परत लिहा.' टेबल म्हणजे कुठलं पार्टिशन डिस्कवर कुठे सुरू होतं याची यादी, आणि टेस्टडिस्क हे ती परत लिहिणारं सॉफ्टवेअर. फक्त टेबलच बिघडलं असेल तर ठीक. जुन्या पद्धतीच्या एमबीआर टेबलात चार नोंदी मिळून 64 बाइट्स असतात, नव्या पद्धतीच्या जीपीटी टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. फाइलींना धक्का लागलेला नसतो. पार्टिशन वाढवताना काम थांबलं तरी सहसा फार बिघडत नाही. खरा घोळ पार्टिशन डिस्कवर दुसऱ्या जागी सरकवताना होतो. तिथे एकेक ब्लॉक वाचून दुसरीकडे लिहिला जातो, त्यामुळे काम मध्येच थांबलं की काही भाग नव्या जागी आणि उरलेला जुन्या जागी राहतो. सरकवायच्या अंतराहून जास्त कॉपी झालं असेल तर टेबलात सुरुवात कुठलीही लिहा, एक तुकडा चुकीचाच वाचला जाणार.

म्हणूनच टेस्टडिस्कमध्ये फोल्डर दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. एनटीएफएसची (विंडोजच्या फाइली साठवायच्या पद्धतीची) मुख्य फाइल-यादी बहुधा पार्टिशनच्या सुरुवातीपासून 3 जीबीवर सुरू होते. ती नव्या जागी पोचली असेल तर नावं दिसतात, पण तुटीच्या (कॉपी जिथे थांबली त्या जागेच्या) पलीकडच्या फाइलींत भलताच मजकूर निघतो. यादी बघून थांबू नका. मोठ्या फाइली उघडून तपासा, आणि तोवर 'राइट' दाबू नका.

हे दोन तुकडे जोडता येतात, आणि हेच त्या सल्ल्यात नाही. समजा पार्टिशन डावीकडे 20 जीबी सरकत होतं. 20 जीबीपेक्षा कमी कॉपी झालं असेल तर जुन्या डेटावर अजून काही लिहिलेलंच नाही. जुनी सुरुवात टेबलात घातली की झालं. त्याहून जास्त झालं असेल तर तुटीच्या अलीकडचा 20 जीबी पट्टा दोन्ही जागी जसाच्या तसा असतो. नवी आणि जुनी जागा 20 जीबीच्या अंतराने ताडून पाहा: जिथे सलग जुळतं, तो पट्टा. (शून्यांनी भरलेला रिकामा भाग कुठेही जुळतो, तो धरू नका.) त्या पट्ट्यात कुठेही काप घ्या, अलीकडचं नव्या जागेवरून, पलीकडचं जुन्या जागेवरून घेऊन दुसऱ्या डिस्कवर एकाच फाइलीत लिहा. सरकवायचं अंतर 1 एमबीच असेल तर पट्टा तेवढाच अरुंद, म्हणून शोध किचकट होतो.

'चेकडिस्क चालवा.' चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन. त्याला दुरुस्तीचा /एफ पर्याय लावला की ते डिस्कवर लिहितं. अर्ध्या सरकलेल्या पार्टिशनमधल्या धड नोंदीही त्याला बिघडलेल्या वाटतात, आणि ते त्या काढून टाकतं. जोडणीनंतर, तेही प्रतीवर, खुशाल चालवा.

'क्विक फॉरमॅट मारा.' हा सगळ्यात वाईट. एसएसडीवर विंडोज फॉरमॅट करतानाच ट्रिम (हा भाग आता रिकामा समज, असा आदेश) पाठवतं, आणि त्यानंतर बहुतेक ड्राइव्ह तिथे नुसती शून्यं वाचून दाखवतात. 'डिस्क फॉरमॅट करायची का?' किंवा 'इनिशियलाइज करा' असं विचारलं तर रद्द करा.

पहिलं काम डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कची प्रत घेण्याचं: पार्टिशनची नव्हे, अख्ख्या डिस्कची, तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर. प्रत फाइल म्हणून घेणार असाल तर ती डिस्क मोठीच हवी, आणि एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, तिथे 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही. मॅप फाइल (कुठवर कॉपी झालं याची नोंद) ठेवा, म्हणजे मध्ये थांबलं तरी पुढून सुरू करता येतं. फोटोरेक हे फाइली त्यांच्या मजकुरावरून शोधणारं सॉफ्टवेअर अगदी शेवटी: फाइली मिळतात, पण नावं आणि फोल्डर जातात, तुकड्यांत साठलेल्या फाइली बऱ्याचदा मोडक्या निघतात, आणि बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद केलेलं पार्टिशन असेल तर ते उलगडल्याशिवाय त्याच्या हाती काहीच लागत नाही.